ताने आजींचा टेम्पो

"एक पाऊलही गाडीत ठेवणार नाही," असं तोकिकोने नणंदेला तोंडावर सांगितलं, तेव्हा तिच्या हातात तापलेली इस्त्री होती. त्यामुळे वाक्य जरा जास्तच ठासून बाहेर पडलं. हातात चहाचा कप असता तर ती "बघू, जमेल तेवढं चालेन" असं काहीतरी गुळमुळीत बोलली असती आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

नणंदेचं नाव हिसानो. दर आठवड्याला ती भावाच्या आणि भावजयीच्या ओकायामातल्या लाँड्रीत यायची, भावाला "किती वाळलास रे!" म्हणायची आणि म्हणताना बघायची मात्र भावजयीकडे. तोकिकोला करायची होती तीच शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी देवळांची यात्रा तिने आधीच केली होती, गारेगार बसमधून. देवळोदेवळीच्या शिक्क्यांचा पट तिने दिवाणखान्यात टांगला होता आणि त्यावर खास दिवा बसवून घेतला होता. गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा तो पट बघितल्याशिवाय त्या घरातून सुटका नसे.

"चालत? तू?" हिसानो हसली. "अगं, कोपऱ्यावरच्या पोस्टात जायला तू सायकल काढतेस!"

"चालत जाणार. एकटी जाणार. तुमच्यासारखं बसमध्ये घोरत नाही, वन्सं."

शेवटचं वाक्य नको होतं. तोकिकोचा नवरा शर्टांच्या ढिगामागे दिसेनासा झाला.

"ठीक आहे," हिसानो कप खाली ठेवत म्हणाली. "ऑगस्टात पितरांच्या सणाला सगळे जमतील ना, तेव्हा सगळ्यांसमोर विचारीन तुला. शपथेवर सांगायचं. आणि खोटं बोलायचा विचारही करू नकोस. खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात."

हे खरं होतं. तोकिकोचे कान आत्ताच लाल झाले होते, कारण इतकं चालता येईल की नाही याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

पण एकटीने जायचं, हे मात्र तिच्या मनात कधीचं होतं. आयुष्य लाँड्रीच्या काउंटरमागे गेलं होतं आणि त्या काउंटरवर कुणी नुसता शर्ट देत नसे. डाग कसा पडला हे सांगायचं, त्या वेळी कोण कोण जेवायला होतं तेही सांगायचं, आणि मग शर्ट द्यायचा. गावातल्या प्रत्येक सांडलेल्या सोया सॉसची हकीकत तोकिकोला पाठ होती. आता तिला काही दिवस कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

वसंतात ती निघाली. पांढरा अंगरखा, बांबूची टोपी, हातात घुंगराची काठी. तळपायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले, पण बाई खुशीत होती. वाटेत कुणी गप्पा मारायला जवळ आलं की ती मोठ्याने दाइशींचा, म्हणजे ही यात्रा ज्यांच्या नावाने चालते त्या संतांचा, जप सुरू करी. जप करणाऱ्या माणसाला कोण कसं थांबवणार? या युक्तीने तिने मोठमोठे बडबडे परतवून लावले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ती तोसाच्या किनाऱ्यावर नामिउरा गावच्या पुलापाशी आली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

शेजारी एक पांढरा छोटा टेम्पो येऊन थांबला. चालवणारं कुणी दिसेना. नीट पाहिल्यावर स्टिअरिंगच्या वर फुलाफुलांची टोपी आणि टोपीखाली दोन डोळे दिसले.

"बस गं," डोळे म्हणाले.

"नको आजी, मी चालतेय."

"ते दिसतंय मला. म्हणून तर म्हणते, बस. टेकडीवरच्या देवळापर्यंत सोडते."

"नाही, म्हणजे मी सगळी वाट पायीच..."

"सेत्ताई आहे," आजी म्हणाली.

झालं. शिकोकूत या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. यात्रेकरूला दिलेलं ते दाइशींना दिलेलं, आणि दिलेलं नाकारायचं नसतं. तोकिकोने आजवर संत्री घेतली होती, मोजे घेतले होते, एकदा तर भलामोठा कोबी घेतला होता आणि तो काखेत मारून डोंगर चढली होती. पण गाडी?

"आजी, बाकी काहीही द्या. गाडीचं तेवढं..."

आजीचा चेहरा एकदम उतरला. "रोज फिरतेय गं मी. कुणी बसतच नाही. मला पाहिलं की सगळे भराभरा चालायला लागतात. राहू दे. दाइशींना माझ्या गाडीत बसायचं नसेल, तर मी तरी काय करणार? जाते घरी."

यानंतर नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. तोकिको बसली. आजीने आपलं नाव ताने असं सांगितलं, तिच्या मांडीवर कांद्यांची टोपली ठेवली आणि टेम्पो निघाला. ताने आजींचं चालवणं इतकं बेताचं होतं की सायकलवरचा पोस्टमन त्यांना मागे टाकून गेला, वर हात हलवून गेला. तरी टेम्पो तो टेम्पोच. डावीकडून समुद्र मागे मागे सरकत होता आणि त्या काठाचं प्रत्येक पाऊल आपण चालायला हवं होतं, असं तोकिको मनाशी घोकत होती. देवळाच्या पायऱ्यांशी आजींनी तिला उतरवलं, हात जोडले आणि डोळे पुसले.

"उपकार झाले गं," ताने आजी म्हणाल्या आणि आल्या तशाच हळूहळू निघून गेल्या.

तोकिको पायरीवर बसली. कान चांगलेच तापले होते. सणाचा दिवस, सगळे नातेवाईक आणि मधोमध बसलेली हिसानो, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मग तिने मनाशी ठरवलं: आत्ताच्या आत्ता पुलापर्यंत परत चालत जायचं आणि तिथून पुन्हा इथे चालत यायचं. अर्ध्या दिवसाची वाट दोनदा होईल, होऊ दे. नणंदेच्या तोंडी लागण्यापेक्षा ते परवडलं.

ती उलट दिशेने चालू लागली, आणि इथेच खरी गंमत सुरू झाली.

आदल्या रात्री ती राहायची सोय असलेल्या ज्या खाणावळीत उतरली होती, तिथे आणखी दोघं एकटे यात्रेकरू होते. एक गोइची. मासेमारी बोटीवर जन्मभर आचारी होता. अरुंद बोटीत खलाश्यांच्या गर्दीत आयुष्य काढल्यामुळे त्याला आता माणूस दिसणंही नकोसं झालं होतं. कुणी बोलायला आलं की तो कानावर हात ठेवून ऐकू येत नसल्याची खूण करी. दुसरी मिनोरी. ही पोरगी एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. तिने कानात गाणी घातली होती आणि ती झोपतानाच काय ती काढायची. असे हे तिघं सकाळी एका टेबलावर बसून, एकमेकांकडे न बघता, भात खाऊन उठले होते. गोइची सगळ्यांत आधी निघाला, त्याच्यामागून मिनोरी आणि शेवटी तोकिको.

आता गोइचीच्या बाजूने विचार करा. माणूस एकटाच समुद्राकाठाने चाललाय. खाणावळीतली बाई मागे राहिलीय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वाट एकच, आणि त्या वाटेवर कुणीही त्याला ओलांडून गेलेलं नाही. एक टेम्पो तेवढा गेला, पण टेम्पोत कोण डोकावतंय? आणि अचानक तीच बाई समोरून, देवळाच्या बाजूने, घुंगूर वाजवत येतेय!

उलट वाटेने चालणाऱ्याबद्दल शिकोकूत काय काय बोललं जातं ते गोइचीने लहानपणापासून ऐकलं होतं. दाइशी अजूनही ही वाट चालतायत, आणि ते कधी, कुठून, कुणाच्या रूपात समोर येतील याचा नेम नाही.

"बाई," गोइची म्हणाला. यात्रेतला त्याचा हा पहिला शब्द होता. "तुम्ही... तुम्ही मागे होतात ना?"

तोकिको शरमली. तिने सवयीने मोठ्याने जप सुरू केला आणि मान खाली घालून ती पुढे निघून गेली.

गोइचीने टोपी काढली आणि तिच्या पाठीला हात जोडले.

थोडं पुढे मिनोरी भेटली. तिने चक्क कानातली गाणी काढली. "काकू? अहो काकू, तुम्ही समोरून कशा?" काकूंनी जपाचा आवाज वाढवला. मिनोरी त्यांच्याकडे बघत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि मग पुढच्या यात्रेकरूला गाठायला जिवाच्या आकांताने धावत सुटली. गोइची वाटेवरच्या विसाव्याच्या मंडपात बसला होता.

"काका, तुम्हाला पण दिसल्या?"

"दिसल्या!" बहिरा गोइची ओरडला.

मग दोघांची जी गाडी सुटली! कोण आधी दिसलं, किती वाजले होते, बाईंच्या पायाला धूळ होती का, सावली पडली होती का. मिनोरीने खाणावळीच्या मालकिणीला फोन लावून विचारलं, त्या बाई शेवटी निघाल्या होत्या ना? मालकीण म्हणाली, शेवटीच, मी स्वतः काठी हातात दिली. मिनोरीने तिला सगळं सांगितलं. मालकिणीने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

इकडे तोकिकोला पूल दिसायला लागला होता. इतक्यात समोरून तोफूवाल्याची व्हॅन आली आणि कचकन थांबली.

"बाई, वाट चुकलात! देऊळ मागे राहिलं!"

"नाही हो, मी मुद्दाम परत..."

"सगळे असंच म्हणतात. लाज कसली त्यात? आमच्या इथल्या बाणांच्या पाट्याच अशा आहेत, माणूस गोंधळतो. या, बसा."

"अहो, मला पुलापाशीच जायचंय!"

"पुलापाशी काय ठेवलंय? देऊळ तिकडे आहे. चला, सेत्ताई!"

आणि तोकिको तोफूच्या बादल्यांमध्ये जाऊन बसली. हा गडी ताने आजींसारखा नव्हता. प्रत्येक वळणावर बादलीतलं पाणी तिच्या अंगरख्यावर येत होतं. मंडपात मिनोरी आणि गोइची हातवारे करत बोलताना दिसले, तशी ती बादल्यांच्या आड वाकली. काही मिनिटांत ती पुन्हा त्याच देवळाच्या त्याच पायरीवर होती. झाडणारा पुजारी झाडू थांबवून तिच्याकडे बघत राहिला.

"मघाशी आला होतात ना तुम्ही?"

"हो."

"बरं," पुजारी म्हणाला आणि झाडू लागला.

तिने चिडून बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पुन्हा खाली उतरली. मंडपातून उठून मिनोरी आणि गोइची नुकतेच देवळाच्या कमानीत पोचत होते. वर बघतात तो बाई पुन्हा समोरून येताहेत, या खेपेला पांढऱ्या अंगरख्यातून पाणी निथळत.

"समुद्रातून आल्या!" मिनोरी कुजबुजली.

गोइचीने रस्त्यावरच गुडघे टेकले. त्याने झोळीतून आपला भाताचा लाडू काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. एवढा दांडगा माणूस, पण वर बघायचं धाडस करेना. ते पाहून मात्र तोकिकोला राहवलं नाही.

"उठा हो!" ती म्हणाली. "देवबिव काही नाही मी. मी टेम्पोतून आले. आणि आत्ता तोफूच्या गाडीतून. हे पाणी तोफूचं आहे, वास घेऊन बघा."

गोइचीने खरंच वास घेतला. मग तो तसाच रस्त्यात बसला आणि इतका हसला, इतका हसला की मिनोरीला त्याची पाठ थोपटावी लागली. तोकिकोने सगळं सांगितलं: इस्त्री, नणंद, पट, सण, शपथ. इतकं ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. दोघंही तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मध्येच गोइची म्हणाला, "थांबा, नणंद नेमकं काय म्हणाली ते पुन्हा सांगा." ऐकणारा असा मिळाल्यावर कुणाला थांबावंसं वाटेल? बोलता बोलता भाताच्या लाडवाचे तीन भाग झाले.

"आता परत पुलापाशी जाणार?" मिनोरीने विचारलं.

"जाणारच."

"मग आम्हीही येतो," गोइची म्हणाला. "आमचा हा पट्टा झालाय. पण तुम्ही एकट्या दिसलात की कुणीतरी पुन्हा उचलणार."

तिघं परत निघाले. संध्याकाळ होता होता पूल आला, आणि पुलावर अख्खं नामिउरा उभं होतं. मालकिणीच्या फोनाने आपलं काम चोख बजावलं होतं. लोकांच्या हातांत संत्री होती, लोणच्यांच्या बरण्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे फुलाफुलांची टोपी होती.

"मी सकाळीच ओळखलं होतं!" ताने आजी सगळ्यांना सांगत होत्या. "मांडीवर कांद्यांची टोपली ठेवली, पण हूं की चूं नाही केलं! साधं माणूस गप्प बसेल का?"

"आजी, मी लाँड्रीवाली आहे हो, ओकायामाची," तोकिको कळवळून म्हणाली.

"दाइशी असंच काहीतरी सांगतात," ताने आजी इतरांना म्हणाल्या.

आता काय करावं? तेवढ्यात गर्दीतली एक बाई पुलालगतच्या आपल्या घरातून कोट घेऊन पुढे आली. "लाँड्रीवाल्या आहात, तर मग हे बघा. नवऱ्याचा लग्नाचा कोट. डाग जाईल का?"

"कसा पडला?" तोकिकोच्या तोंडून आपोआप निघालं.

आणि ती बाई सांगू लागली. कुणाचं लग्न, कुणी सूप सांडलं, दिराने कसा पुसायला जाऊन जास्तच पसरवला. तोकिको कोट उजेडात धरून मन लावून ऐकत होती आणि ऐकताना तिला फार बरं वाटत होतं. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी मागवून तिने तिथेच पुलाच्या कठड्यावर डाग काढून दाखवला. पाच-सहा जणी आपापल्या घराकडे पळाल्या आणि कपडे घेऊन आल्या.

बाई देव नाही हे ताने आजी सोडून सगळ्या गावाला पटलं. पण त्यामुळे संकट टळलं म्हणावं, तर उलट ते वाढलं. देवाला गाडी लागत नाही. लाँड्रीवाल्या बाईला लागते. ज्याच्या ज्याच्या घरात चाकाचं वाहन होतं, त्याने त्याने तिला उद्या देवळापर्यंत सोडायचं ठरवलं.

"लपत जावं लागेल," रात्री खाणावळीत जेवताना मिनोरी म्हणाली.

"लपूनही गाठलं तर?" तोकिको रडकुंडीला आली होती. "पुन्हा बसावं लागणार. मी अशी इथेच म्हातारी होणार!"

गोइचीने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "तुम्ही कशाला बसताय? आम्ही बसू की. सेत्ताई कुणी नाकारायची नाही, बरोबर? पण ती तुम्हीच घ्यायची असं कुठे आहे? आम्ही हा पट्टा चाललोय. आम्हाला गाडीने नेलं तरी काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोहीम निघाली. मिनोरी पुढे टेहळणीला, मध्ये तोकिको, मागे गोइची. गाडीचा आवाज आला की तोकिको रस्त्यालगतच्या आल्याच्या शेतांवरल्या एखाद्या शेडमध्ये शिरायची आणि प्लॅस्टिकमागून बघायची. पहिली आली मासळीबाजाराची गाडी. "कुठायत त्या बाई?" "मीच तेवढा आहे," गोइची म्हणाला आणि बर्फाच्या खोक्यांवर जाऊन बसला. दुसरी आली दातांच्या डॉक्टरांची. तिच्यात मिनोरी गेली, आणि वाटेत डॉक्टरांनी तिला दोनदा तोंड उघडायला लावलं. एक जण देवळाकडे गाडीतून रवाना व्हायचा, तिथे उतरायचा, की धापा टाकत उलट चालत परत यायचा, तोपर्यंत दुसऱ्याचा नंबर लागलेला असायचा. पुजाऱ्याने आता झाडणं सोडून खुर्ची मांडली होती.

तोकिको मात्र चालत होती. चालता चालता एकटीच हसत होती. लाँड्रीत लोक तिच्याशी बोलायचे ते कपड्यांसाठी. तिच्यासाठी कुणी बर्फावर बसून गेलं नव्हतं. तिचं पाऊल मोजलं जावं म्हणून ही परकी माणसं, ज्यांनी कालपर्यंत मान वर करून बघितलं नव्हतं, वेड्यासारखी पळत होती. तळपायाचे फोड तिला जाणवतसुद्धा नव्हते.

टेकडी दिसू लागली तेव्हा मागून तो ओळखीचा, बेताचा आवाज आला. तोकिकोने आल्याच्या शेडमध्ये उडी मारली.

"ती कुठाय?" टेम्पो थांबवून ताने आजींनी विचारलं.

"पुढे गेली, आजी," गोइची म्हणाला.

"मग बस तू. गाठू तिला."

गोइची बसला. मांडीवर मुळ्यांची जुडी आली. टेम्पो निघाला, आणि तोकिको शेडच्या मागून बांधाबांधाने झपाझप चालत सुटली. दोन्ही साधारण एकाच वेळी पायऱ्यांशी पोचले. टेम्पोतून खाली उतरून बघतात, तर बाई समोर हजर, घामाघूम, टोपी तिरकी.

"बघ!" आजी गोइचीला म्हणाल्या. "लाँड्रीवाली म्हणे!"

तोकिकोचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि काठी उंच धरून अशी आरोळी ठोकली की पुजारी खुर्चीतून उठला. गोइची ओरडला, मिनोरी ओरडली, का ते न कळता ताने आजीही ओरडल्या.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. उचलला हिसानोने. आठवड्यातून एकदा येणारी नणंद हल्ली रोजच येऊन बसत असावी. तोकिकोने काही म्हणजे काही लपवलं नाही. टेम्पो, तोफू, समुद्रातून आलेली बाई, कोटाचा डाग, बर्फावर बसलेला गोइची. बोलताना तिला दम लागत होता. पलीकडून टोमणा येईल म्हणून ती मध्ये मध्ये थांबत होती, पण टोमणा येईना.

"वन्सं? आहात ना?"

"आहे." हिसानोचा आवाज वेगळाच वाटला. "आमची बस गच्च भरलेली होती. पण मला त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही गं."

तोकिकोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या येते मी," हिसानो म्हणाली. "पुढचं सगळं तुझ्याबरोबर चालते. पुलापर्यंत बस येते ना? पुलापासून देवळापर्यंतही चालतच येईन. एक पाऊलही गाडीत ठेवणार नाही."

"अहो वन्सं, पण मी तर एकटीच..."

"एकटी? आत्ता तिघांची नावं सांगितलीस. आणि नाही म्हणायचं नाही. सेत्ताई आहे." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिघं देवळाच्या पायरीवर वाट बघत बसले. तोकिको सकाळपासून सूचना देत होती. त्या बोलतात फार, मनावर घेऊ नका. पहिला घास त्यांना वाढा. वाळलास म्हणाल्या तर हो म्हणा. गोइची आपल्या पोटाकडे बघून म्हणाला, मला कोण वाळलास म्हणणार?

दुपारच्या सुमारास वळणावर पांढरा टेम्पो दिसला. फार वेळ तो नुसताच दिसत राहिला आणि मग जवळ आला. दार उघडलं. कोऱ्या पांढऱ्या अंगरख्यात, मांडीवर भोपळा घेऊन हिसानो बसली होती.

"पोचले बाई!" ती खुशीत उतरली. "पुलावरून दहा पावलं चालले नसेन, तर या आजी थांबल्या. इतका आग्रह केला! सेत्ताई म्हणाल्या. मग नाही कसं म्ह..."

ती थांबली. तिने टेम्पोकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"तोकिको, म्हणजे माझं... हे मोजायचं नाही का?"

असा क्षण यावा म्हणून तोकिकोने किती वर्षं वाट पाहिली होती! बसमध्ये घोरणं, पटावरचा दिवा, सणाला जमलेले नातेवाईक, सगळी वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. ती तिने तिथेच ठेवली. काठी उचलली.

"चला, वन्सं."

"कुठे?"

"पुलापाशी. आणि तिथून परत इथे."

मिनोरी उठली. गोइची उठला. हिसानोने मुकाट्याने भोपळा पायरीवर ठेवला.

"पुलाकडे निघालात?" ताने आजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "मग चालताय कशाला? मी तिकडेच चाललेय. उलट जायला गाडी चालते की! मोजायची ती पुढची पावलं. मागची कोण मोजतंय?"

सगळे जागच्या जागी थबकले. पुजारी खुर्चीतून म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं."

"म्हणजे," मिनोरी हळूच म्हणाली, "काकू, पहिल्याच दिवशी तुम्ही आजींना सांगितलं असतंत, की मला परत पुलापाशी सोडा..."

"तर दुपारपर्यंत संपलं असतं," तोकिको म्हणाली.

"आणि आम्हाला समोरून कुणी दिसलंच नसतं," गोइची म्हणाला. "मी आत्ता कुठल्यातरी खाणावळीत एकटा भिंतीकडे तोंड करून जेवत असतो."

हिसानो एकदा टेम्पोकडे आणि एकदा उन्हातल्या लांबलचक रस्त्याकडे बघत होती.

"मग काय गं?" तिने विचारलं. "बसायचं का?"

"नको, वन्सं," तोकिको म्हणाली. "उलटंच चालत जाऊ. वाटेत माणसं भेटतात."

ताने आजींचा चेहरा पडू लागला, तसा गोइची सगळ्यांच्या झोळ्या गळ्यात अडकवून निमूटपणे टेम्पोत जाऊन बसला. आजींनी त्याच्या मांडीवर भोपळा ठेवला.